हातमोजा कोणासाठी?

वृद्धाश्रमातील सेविकेने हातमोजे चढविले की तिचे हात शुद्ध झाले, असा आपला समज असतो. हातमोज्याचा इतिहास वेगळेच सांगतो. १८८९-९० च्या सुमारास अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. हालस्टेड यांनी रबरी हातमोजे करवून घेतले, ते रुग्णासाठी नव्हे, तर जंतुनाशक द्रावणाने हातांची त्वचा बिघडलेल्या एका परिचारिकेसाठी. रुग्णाचे हित पुढे ध्यानी आले.

आजही एका आजीचे डायपर बदलून त्याच हातमोज्यांनी शेजारच्या आजोबांना पेज भरविली, तर रक्षण होते ते सेविकेचे. आजोबांना विस्मरण जडलेले. ते तक्रार कोणाकडे करणार? म्हणून मोजे टाकून प्रत्येक वेळी हात धुणे, हे कोणी पाहत नसतानाचे नीतिकर्म आहे. पिलातानेही हात धुतले, पण स्वतःपुरते. मिस्सेत अर्पणाच्या वेळी आम्ही धर्मगुरू बोटांवर पाणी घेतो, तेव्हा हा भेद मनात यावयास हवा.

अतिरेकही बरा नव्हे. केस विंचरताना, निरोगी हात हाती घेताना मोज्याचे प्रयोजन नसते. दिवसभर केवळ रबराचाच स्पर्श लाभणे, हेही एक एकाकीपणच!

मात्र सारा दोष सेविकेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. रात्रपाळीला ती एकटी, आणि नळ ओसरीच्या टोकाला. आपण पालक-संताच्या सणाला आश्रमास फळे व चादरी नेतो. खाटांजवळ बेसिन बसवून द्यावे, हे क्वचितच कोणाला सुचते.