जुन्या चिठ्ठीवरची गोळी

शौचावाटे रक्त पडते, ही गोष्ट आपल्या घरांत सर्वांत शेवटी सांगितली जाते. दाढ दुखली तर शेजारपाजाऱ्यांना कळते, ताप आला तर सगळे घर उशाशी बसते. पण संडासात रक्त दिसले की माणूस पाणी ओतून बाहेर येतो आणि गप्प राहतो. नवी सून सासूला सांगत नाही, लग्नाचा मुलगा आईलाही सांगत नाही. मग ‘उष्णता झाली असेल’, ‘मूळव्याध असेल’, ‘आव पडत असेल’ असे मनाशीच ठरवून ताक, सब्जा, कुणीतरी दिलेले चूर्ण सुरू होते. वजन उतरते, चेहरा पांढरा पडतो, दिवसातून आठ-दहा वेळा मुरडा येऊन धावावे लागते, तरी तोंडातून शब्द निघत नाही. याला आपण सोशिकपणा म्हणतो आणि वर त्याचे कौतुक करतो. मला ते मान्य नाही. आतड्याचे दुखणे सांगायची लाज कुणी जन्मतः घेऊन येत नाही. ती आपण सर्वांनी मिळून आजारी माणसावर लादलेली असते, आणि भोगतो मात्र तो एकटा.

अशा दुखण्यांपैकी एक म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उलटते. तिथे सूज येते, व्रण पडतात, रक्त आणि आव जाऊ लागते. लंडनचे डॉक्टर सॅम्युअल विल्क्स यांनी १८५९ साली या रोगाला वेगळे ओळखले, आणि पुढे कितीतरी काळ तो गोऱ्यांचाच रोग समजला गेला. पण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पंजाबमधल्या पाहणीत दर लाख माणसांमागे ४४ रुग्ण सापडले. बहुतेकांना तो ऐन तारुण्यात गाठतो. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, कुणाच्या पापाचे फळ नसतो. औषधांनी तो समूळ जात नाही, पण वर्षानुवर्षे शांत ठेवता येतो.

त्या औषधांत स्टिरॉइडचा मान मोठा आहे. ऑक्सफर्डच्या ट्रुलव्ह आणि विट्स या डॉक्टरांनी २१० रुग्णांवर केलेला प्रयोग १९५५ साली प्रसिद्ध झाला. सहा आठवड्यांनी कोर्टिझोन हे स्टिरॉइड घेणाऱ्यांपैकी ४१ टक्के रुग्णांचा आजार शमला होता. न घेणाऱ्यांपैकी अवघ्या १६ टक्क्यांचा. आजही आजार जोरात उसळला की डॉक्टर स्टिरॉइडच देतात आणि त्याने माणसे वाचतात. म्हणून स्टिरॉइडला सरसकट विष म्हणणाऱ्यांत मी नाही. माझी तक्रार ही गोळी आपण ज्या पद्धतीने घेतो, त्याबद्दल आहे.

पाकिटात घडी घालघालून फाटायला आलेली दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठी असते. तिच्यावर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ४० मिलिग्रॅम लिहिलेले असते, आणि खाली दर आठवड्याला किती कमी करत जायचे याच्या ओळी. घडीवर नेमक्या त्याच ओळी पुसून गेलेल्या. रक्त दिसले की रुग्ण दवाखान्याऐवजी मेडिकलमध्ये जातो. ‘मागच्या वेळी याच गोळ्यांनी बरं वाटलं होतं,’ एवढे बोलणे पुरते. प्रेडनिसोलोन हे शेड्यूल एचमधले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायचे औषध आहे. डॉक्टरांनी तसे लिहिलेले नसेल तर एकाच चिठ्ठीवर ते पुन्हा पुन्हा देणे नियमात बसत नाही. तरी स्ट्रिप कापून दिली जाते. रक्त थांबते, भूक लागते, गाल वर येतात, घरचे म्हणतात तब्येत सुधारली. गोळी सोडली की पुन्हा रक्त, पुन्हा गोळी. असे चालता चालता एक दिवस असा येतो की गोळी चालू असूनही रक्त थांबत नाही.

इथे एका दुसऱ्याच शत्रूची शक्यता उभी राहते. सायटोमेगॅलोव्हायरस, डॉक्टरांच्या बोलण्यात सीएमव्ही, हा कांजिण्या आणि नागीण आणणाऱ्या विषाणूच्या कुळातला. आपल्या देशात तो बहुतेकांच्या शरीरात लहानपणीच शिरतो, आईच्या दुधातून, लाळेतून, आणि बहुधा काहीच त्रास देत नाही. पुढे जन्मभर काही पेशींत निपचित पडून राहतो, कारण प्रतिकारशक्तीचा त्याच्यावर पहारा असतो. स्टिरॉइड किंवा ॲझाथायोप्रिन यांसारखी औषधे प्रतिकारशक्तीला आवरतात, म्हणून तर कोलायटिस शमतो. पण त्याबरोबर पहाराही ढिला पडतो. आधीच सुजलेल्या आतड्यात विषाणू जागा होतो आणि खोल व्रण पाडतो. बाहेर दिसते ते तेच, रक्त आणि जुलाब. रुग्णाला वाटते मूळचा रोग बळावला. डॉक्टरांनाही तसे वाटू शकते. मग स्टिरॉइडचा डोस वाढतो, त्याहून कडक औषध येते, आणि विषाणूला रान मोकळे मिळते. शेवटी आतडे फुगून फुटायची वेळ येते. सबंध मोठे आतडे काढून पोटावर पिशवी लावावी लागते.

कोलायटिस आणि हा विषाणू यांची गाठ वैद्यकाला १९६१ पासून माहीत आहे. ती ओळखण्याची रीतही ठरलेली आहे. दुर्बीण गुदद्वारातून आत सरकवून व्रणाच्या तळाचे आणि कडेचे कणीएवढे काही तुकडे घेतात. त्यांचे पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की गुलाबी-जांभळ्या पेशींच्या गर्दीत एखादी पेशी शेजारणींच्या कितीतरी पट फुगलेली दिसते. तिच्या मधोमध गडद गोळा, भोवती मोकळे कडे, थेट घुबडाच्या डोळ्यासारखे. पण अशा पेशी कधी मोजक्याच असतात आणि साध्या रंगात निसटतात. म्हणून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात. त्यात विषाणू असलेल्या पेशी वेगळ्या रंगाने उठून दिसतात. किंवा त्याच तुकड्यावर पीसीआर करतात. दुर्बीण टाकणाऱ्याने अर्जावर ‘सीएमव्ही पाहावा’ ही ओळ लिहिली नाही, तर ही तपासणी राहून जाऊ शकते. एका ओळीच्या आळसापायी कुणाचे आतडे जाऊ नये, एवढी अपेक्षा ठेवणे काही फार नाही. उलट, रक्तातली सीएमव्हीची आयजीजी तपासणी ‘पॉझिटिव्ह’ आली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. विषाणू पूर्वी कधीतरी शरीरात शिरला होता, एवढेच ती सांगते, आणि ते तर आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाच्या बाबतीत खरे आहे. तुकडा तपासला गेला का, हे विचारावे.

विषाणू सापडला तर गॅन्सिक्लोव्हिर शिरेतून देतात, पुढे व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्या, असे मिळून साधारण दोन ते तीन आठवडे. आणि स्टिरॉइड बेताबेताने उतरवतात. हेही औषध निरुपद्रवी नाही. ते पांढऱ्या पेशी घटवते, म्हणून तेही अंदाजाने देऊन चालत नाही. शिवाय तुकड्यात एखाद-दुसरी पेशी सापडली म्हणजे सारा दोष विषाणूचाच, असेही नसते. हा निर्णय जाणत्याने, रुग्णाला समोर ठेवून घ्यायचा असतो. स्टिरॉइडला दाद न देणाऱ्या प्रत्येक कोलायटिसमध्ये आधी सीएमव्ही शोधा आणि मगच कडक औषधाकडे वळा, असे युरोपातील तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. गंभीर रुग्णाला शिरेतून स्टिरॉइड सुरू केल्यावर तिसऱ्या दिवशी थांबून हिशेब घ्यावा, हीही जुनी शिकवण आहे. औषध लागू पडत नाही तेव्हा ‘अजून थोडे द्या’ म्हणण्याआधी ‘का लागू पडत नाही?’ हे विचारणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे, आणि विचारायला लावणे हा नातेवाइकांचा हक्क. असे विचारले म्हणून चिडणाऱ्या डॉक्टरांपुढे मान खाली घालण्याचे काही कारण नाही.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयात कोविडनंतर शौचावाटे रक्त जाणारे पाच रुग्ण आले. पाचही जणांत सीएमव्ही निघाला. एकाच्या मोठ्या आतड्याचा उजवा भाग तातडीने काढावा लागला, एकजण छातीच्या आजाराने गेला, तिघे गॅन्सिक्लोव्हिरने बरे झाले. कोविड आणि त्यावरचे स्टिरॉइड, दोन्हींनी मिळून प्रतिकारशक्ती खचवली होती. त्याच दिवसांत महाराष्ट्रात अशाच खचलेल्या प्रतिकारशक्तीमुळे काळ्या बुरशीने किती जणांचे डोळे नेले, ते आपण पाहिले आहे. प्रतिकारशक्तीला आवरणारे औषध घरच्या डब्यात ठेवायचे नसते, हे तेव्हाच कळायला हवे होते.

र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. ज्या शरीरधर्मांबद्दल घरात अवाक्षर काढत नसत त्यांच्याबद्दल उघड लिहिले आणि त्यासाठी खटले सोसले. आज शौचातल्या रक्ताबद्दल बोलायला कुणी आपल्याला कोर्टात खेचणार नाही. अडवतो तो आपलाच संकोच, आणि तो सर्वांत घट्ट बसलेला आहे लग्नाच्या बैठकीत. ‘मुलीच्या आजाराचं एवढ्यात बोलू नका, ठरू द्या आधी,’ असे वडीलधारेच सांगतात. लपवलेल्या आजाराची गोळी मग लपूनच घ्यावी लागते, माहेरहून आणलेल्या त्याच जुन्या चिठ्ठीवर. पण दुर्बिणीची तपासणी लपून होत नाही. तिला बरोबर माणूस लागतो. शिरेतून औषध घ्यायचे तर घर सोडून दवाखान्यात राहावे लागते. म्हणजे विषाणू जागा झाला, तर त्या मुलीला वाचवणारा प्रत्येक उपाय उघड करावा लागणारा आहे, आणि आपण तिला नेमके उघड बोलायलाच बंदी केलेली आहे. आजार शांत असताना बहुतेक बायकांची बाळंतपणे सुखरूप होतात, त्या नोकरी करतात, संसार करतात. हे मुलीच्या आईवडिलांनी बैठकीत सांगावे, सासरच्यांनी ऐकून घ्यावे. आजार कळल्यावर, स्टिरॉइड चालू असेल तर ते घाबरून एकदम तोडू नये. तेही जिवावर बेतू शकते. सासूने सुनेला विचारावे, दिवसातून किती वेळा जावे लागते, रक्त दिसते का, रात्री उठावे लागते का. आणि पुढच्या तपासणीला तिच्याबरोबर जावे.