कोरड्या बोअरचा हिशेब

बोअरची गाडी शेतात उभी राहिली की घरातली सगळी माणसं बाहेर पडणाऱ्या मातीकडे टक लावून बसतात. आधी मुरूम, मग काळ्या पाषाणाचा कोरडा फुफाटा. फुटाफुटाला पैसे चढत असतात. कुणी म्हणतं, आता थांबा. कुणी म्हणतं, एवढं गेलोच आहोत तर आणखी पन्नास. बोअर फेल गेला की त्याच्या तोंडावर दगड ठेवतात आणि तो विषय घरात पुन्हा काढत नाहीत.

गणितात हाच पेच ‘महागड्या फलना’चा. सूत्र हाती असेल तर कमाल किंमत कुठे आहे ते शोधता येतं. पण सूत्रच नसेल आणि एकेक किंमत काढायला पैसा किंवा दिवस मोजावे लागत असतील, तर हजार ठिकाणी चाचपडून बघणं परवडत नाही. मोटारीच्या धडकेचं संगणकावरचं एक गणितसुद्धा तासन्‌तास चालतं. मग प्रश्न एवढाच उरतो: पुढची चाचणी कुठे?

या प्रश्नाच्या उत्तराचं एक मूळ दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत आहे. विटवॉटर्सरँडच्या खाणींत नमुने थोडे आणि सोनं विषम पसरलेलं. खाण अभियंता डॅनी क्रिग याने 1951 मध्ये दाखवलं, की नमुन्यावरून श्रीमंत वाटलेले भाग खोदल्यावर अपेक्षेपेक्षा गरीब निघतात आणि गरीब वाटलेले थोडे बरे. म्हणून एकट्या नमुन्यावर भिस्त न ठेवता आजूबाजूच्या नमुन्यांचंही मत घ्यायचं. फ्रान्सच्या जॉर्ज मातेराँने त्याला सिद्धांताची बैठक दिली आणि क्रिगचंच नाव दिलं, क्रिगिंग. पुढे 1998 मध्ये जोन्स, शॉनलाऊ आणि वेल्च यांनी त्याच जातीच्या अंदाजावर पुढची चाचणी निवडण्याची रीत बसवली. तिच्यात एखाद्या जागेचं पारडं दोन कारणांनी जड होतं: शेजार चांगला आहे म्हणून, किंवा तिथलं कुणालाच काही ठाऊक नाही म्हणून. अज्ञानालाही भाव देणारी ही रीत मला फार प्रामाणिक वाटते. आपण एरवी पहिल्याच कारणावर चालतो. शेजाऱ्याला पाणी लागलं की त्याच्या बांधाला खेटून आपला बोअर.

आता कुणी म्हणेल, आमच्या काळ्या पाषाणात, बेसाल्टमध्ये, हे चालायचं नाही. खरं आहे. पाणी भेगांत असतं. एकमेकांपासून वीस फुटांवरचे दोन बोअर, एक वाहता, एक ठणठणीत. शेजार शेजारासारखा असतो, या गृहीतावरच तर सगळा डोलारा उभा. पण सोन्याचंही तेच होतं. एका नमुन्यात सोन्याचा गोळा सापडावा, हातभर अंतरावर काहीच नसावं. त्या विद्येने हा लहरीपणा नाकारला नाही. तो मोजला आणि शेजाऱ्याच्या मताचं वजन तेवढं कमी केलं. मोजायला मात्र फसलेले नमुनेही वहीत लागतात. आपण इथेच हरतो. कोरडा बोअर ही भरपूर पैसे मोजून विकत घेतलेली माहिती आहे, आणि तिच्यावर आपण दगड ठेवतो. पुढचा माणूस तळहातावर नारळ घेतलेल्या पाणाड्यामागे पुन्हा शून्यापासून चालू लागतो.

गावात किती फुटांवर काय लागलं याचा हिशेब असलाच तर गाडीवरच्या ड्रिलरच्या डोक्यात असतो. आणि गाडी बहुधा तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची. काम संपलं की ती पुढच्या गावाला जाते.