अपुऱ्या वह्यांचे ऋण

लेखनाची आवड असलेल्या माणसाच्या घरी पुऱ्या झालेल्या वह्यांपेक्षा अपुऱ्या वह्याच अधिक असतात. एखाद्या नाटकाचा पहिला अंक, दिवाळी अंकासाठी आरंभलेली आणि दिवाळी उलटल्यावर थांबलेली कथा, नाताळच्या कार्यक्रमासाठी रचलेली चार गीते, आजोबांच्या चरित्राची टिपणे. शाळा, शेती, मुलाबाळांची लग्ने आणि दुखणीखुपणी यांतून उरलेल्या वेळात हे सारे आरंभलेले असते. पुढे वय उताराला लागते, डोळे लवकर थकतात आणि एके दिवशी ध्यानात येते की या साऱ्या वह्या आपल्या हातून पुऱ्या होणार नाहीत. मग त्यांतली कोणती हाती घ्यावी?

हा प्रश्न वरवर पाहता सोयीचा, फार तर आवडीनिवडीचा वाटतो. माझ्या मते तो नीतीचाही प्रश्न आहे. आपल्याला मिळालेला वेळ आपण कमावलेला नसतो. तो दिला गेलेला असतो, आणि दिलेल्या वस्तूचा हिशोब असतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दृष्टांत देतो. आधी बसून खर्चाचा अंदाज न घेणाऱ्याचा पाया तेवढा घातला जातो आणि लोक त्याला हसतात. हा दृष्टांत अर्थात शिष्यत्वाविषयीचा आहे, लेखनाविषयीचा नव्हे. तरीही 'आधी बसून' हिशोब करण्याची त्यातली शिकवण लेखकालाही लागू पडते. मात्र लेखकाची अडचण थोडी निराळी असते. त्याने एक नव्हे, चार बुरुजांचे पाये घातलेले असतात आणि चुना एकाच बुरुजापुरता उरलेला असतो.

आमची वडीगोद्री जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, बीडकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. पुढे शहागडला गोदावरी लागते. त्याच नदीच्या काठाने वर गेले की पैठण. अपुऱ्या ग्रंथाची मराठीतली फार मोठी कथा याच पैठणात घडली. रुक्मिणीस्वयंवर आणि भागवतावरील टीका पूर्ण करणाऱ्या संत एकनाथांना भावार्थ रामायण मात्र पुरे करता आले नाही. युद्धकांड चालू असतानाच त्यांची जीवनयात्रा संपली आणि पुढचा भाग गावबा नावाच्या शिष्याने रचला. हा गावबा पुरणपोळीच्या लोभाने नाथांच्या घरी राहिलेला एक भोळा मुलगा होता, असे परंपरा सांगते. कथा जशीच्या तशी खरी मानायची की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. नाथांचे अपुरे काम दुसऱ्या हाताने पुरे झाले, एवढे मात्र खरे.

याच नाथांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. जवळजवळ तीनशे वर्षांत हस्तलिखितांमधून शिरलेले अपपाठ काढून टाकण्याचे हे काम होते. यात स्वतःची एकही ओवी वाढवायची नव्हती. स्वतःची प्रतिभा ऐन भरात असलेल्या कवीने आपली लेखणी दुसऱ्याच्या ग्रंथाच्या सेवेला लावली, आणि तो ग्रंथ आज आपण शुद्ध वाचतो त्याचे श्रेय नाथांकडे जाते. म्हणजे 'माझे कोणते लेखन पुरे करू?' या प्रश्नातला 'माझे' हा शब्दही एकदा तपासून घ्यावा लागतो.

आता आपल्या ख्रिस्ती मराठीच्या आद्य कवीकडे वळू. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१९ साली निवर्तले. या चाळीस वर्षांत धर्मग्रामाची कामे सांभाळून त्यांनी तीन मोठी लेखनकामे केली: ख्रिस्तपुराण, ख्रिस्ती सिद्धांतांची प्रश्नोत्तरी आणि कोकणी भाषेचे व्याकरण. यांपैकी त्यांच्या हयातीत छापून निघाले ते केवळ पुराण, १६१६ साली, रायतूर येथे. प्रश्नोत्तरी १६२२ साली आली, आणि व्याकरण तर १६४० साली, फादर दियोगु रिबेरु यांनी घातलेल्या भरीसह प्रसिद्ध झाले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ते पुराण आधी का? त्याचे कारण पुराणाच्या आरंभीच सापडते. नवख्रिस्ती मंडळींची पूर्वीची पुराणे सुटली होती, नवे काही हाती नव्हते, आणि केवळ प्रश्नोत्तरीने मन भरत नव्हते. त्यांनी फादरांपाशी मागणी केली. व्याकरणाची गरज नव्याने येणाऱ्या मिशनऱ्यांना होती, तर पुराणाची गरज ओसरीवर बसून ऐकणाऱ्या माणसांना होती. फादरांच्या मनातले सारे आपल्याला कळायचे नाही. परंतु कोणी तरी वाट पाहत आहे, ही गोष्ट त्यांच्या निवडीत होती हे नाकारता येत नाही.

स्टीफन्स हे येशूसंघीय होते. त्यांच्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात निवड कशी करावी याविषयी फार व्यवहारी सूचना दिल्या आहेत. १५४८ साली पोपमहोदयांची मान्यता मिळालेल्या या ग्रंथातल्या तीन सूचना आपल्या प्रश्नाला सहज लागू पडतात. आपल्याच जागी एखादा अनोळखी माणूस आहे अशी कल्पना करा आणि त्याला काय सल्ला द्याल ते पाहा. आपण मृत्युशय्येवर आहोत असे समजा आणि त्या वेळी कोणती निवड केलेली असती तर बरे वाटले असते ते पाहा. आणि मन उदास, कोरडे झालेले असताना आधी केलेला निश्चय बदलू नका. ही तिसरी सूचना लेखकांनी कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवावी अशी आहे. कित्येक वह्या वाईट असतात म्हणून नव्हे, तर एखाद्या वाईट संध्याकाळी त्या बंबात जातात.

आणखी एक उदाहरण पाहू. पंथाने ते आपले नसले तरी मराठी ख्रिस्ती म्हणून आपल्या सर्वांचेच आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी निवर्तले. प्रभूच्या जीवनावरील त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवरच थांबले होते. ते त्यांच्या पत्नीने, लक्ष्मीबाईंनी पुरे केले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, जोडाक्षरांपाशी अडखळणाऱ्या बाईंनी चौसष्ट अध्याय रचले. दुसरीकडे, टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून दे, अशी गळ पुत्र देवदत्त यांनी घातली, त्यातून 'स्मृतिचित्रे' हे लेखन उभे राहिले. १९३४ पासून त्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई गेल्या तेव्हा चौथा भाग अपुरा होता. तो देवदत्तांनी पुरा केला. 'ख्रिस्तायन' त्यानंतर १९३८ साली प्रकाशित झाले.

एका बाईच्या हाती दोन अपुरी कामे: एक पतीचे, एक स्वतःचे. आज मराठी वाचक लक्ष्मीबाईंना ओळखतो तो 'स्मृतिचित्रे'मुळे. 'ख्रिस्तायन' अभ्यासकांच्या आणि भाविकांच्या कपाटात आहे. एखादा समीक्षक म्हणेल, त्या चौसष्ट अध्यायांचा वेळही त्यांनी आठवणींना दिला असता तर मराठीचे भले झाले असते. हा आक्षेप मला पूर्णपणे झिडकारता येत नाही. 'ख्रिस्तायन' दुसरा कोणी पुरे करू शकला असता, निदान तशी कल्पना तरी करता येते. 'स्मृतिचित्रे' लिहू शकणारी व्यक्ती या पृथ्वीतलावर एकच होती. देवदत्तांनी चौथ्या भागातल्या घटना पुऱ्या केल्या. आईचा आवाज मात्र तिच्याबरोबर थांबला तो थांबलाच.

तरीही लक्ष्मीबाईंनी चूक केली असे मी म्हणणार नाही. पतीचे ऋण त्यांना खरे वाटत होते आणि ते त्यांनी फेडले. ज्या माणसाने अक्षरे गिरवायला लावली, त्याचे अर्धे राहिलेले वाक्य पुरे करणे हे प्रेमाचेच काम होते, आणि प्रेमाचा हिशोब वाचकसंख्येवरून होत नाही. शिवाय त्या अध्यायांमुळे त्यांचा हात लिहिता राहिला, हाही लाभ लहान नव्हे. मला एवढेच दिसते की ऋणे दोन प्रकारची असतात. एक, जे आपण न फेडल्यास दुसरा कोणी फेडू शकेल. दुसरे, जे आपल्याबरोबरच बुडेल. दोन्ही खरी असतात. पण वेळ थोडा असेल तेव्हा बुडणाऱ्याला आधी हात द्यावा.

येथे कोणी विचारील, मग आनंदाचे काय? जी वही उघडताच मन हरखते ती बाजूला सारून कर्तव्याची वही हाती घेतली तर लेखन शुष्क होणार नाही का? प्रश्न योग्य आहे. बळेच लिहिलेली पाने वाचकाला लगेच कळतात. पण आनंद हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. जी वही सर्वांत नवी तिचाच आनंद सहसा सर्वांत मोठा वाटतो, कारण तिच्यात अद्याप अडचणी आलेल्या नसतात. नव्या वहीच्या मोहात जुनी टाकायची आणि तीही पुढे जुनी झाली की तिसरी घ्यायची, या क्रमाने आयुष्य संपते. याउलट 'जी वही सर्वांत अधिक झाली आहे ती पुरी करावी' हा नियमही अपुरा आहे. पाने किती झाली यापेक्षा ती कशासाठी झाली हे महत्त्वाचे.

माझ्या कपाटात अशा तीन वह्या आहेत. पहिलीत रूथच्या कथेवरचे खंडकाव्य आहे. ते निम्म्याहून अधिक झाले आहे आणि मला सर्वांत प्रिय आहे. दुसरीत ऊसतोडीला जाणाऱ्या एका कुटुंबाची कादंबरी आहे. तिची पाच प्रकरणे झाली आहेत. तिसरीत काव्य नाही, कथानक नाही. या गोदाकाठच्या गावांतल्या वृद्ध ख्रिस्ती स्त्री-पुरुषांनी सांगितलेल्या गोष्टींची ती टिपणे आहेत. पहिले धर्मशिक्षक बैलगाडीतून कसे येत, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून सुकडीवर दिवस कसे काढले, १९६५ साली पायाभरणी झालेल्या जायकवाडीच्या पाण्याने १९७६ नंतर शिवाराचे रूप कसे पालटले, १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा लोक काय बोलले, जात्यावरच्या ओव्यांत मरियामातेचे नाव कोणत्या आजीने कसे गुंफले. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून ख्रिस्ताकडे आलेल्या घराण्यांचा इतिहास बहुतांशी तोंडीच आहे. चर्चच्या नोंदवहीत बाप्तिस्म्याची तारीख सापडते. त्या दिवशी घरातले कोण रडले आणि कोण रुसून बसले, हे नोंदवहीत सापडत नाही.

या तीन वह्यांना वरील कसोट्या लावून पाहतो. रूथची कथा पवित्र शास्त्रात सुरक्षित आहे. माझे काव्य न झाल्यास रूथचे काही बिघडणार नाही, उद्याचा एखादा कवी ते माझ्याहून सरस लिहील. ऊसतोड कामगारांचे दुःख आज अनेक जण लिहीत आहेत, त्यांत त्या फडांवरच वाढलेली तरुण पिढीही आहे. ते काम त्यांच्या हाती अधिक शोभते. तिसऱ्या वहीचे तसे नाही. तिच्यातली माणसे ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. अनोळखी माणसाला सल्ला द्यायचा तर मी क्षणभरही न थांबता तिसऱ्या वहीकडे बोट दाखवीन. मग स्वतःला तो सल्ला देताना का अडखळावे? अडखळण्याचे कारणही स्पष्ट आहे. खंडकाव्यावर माझे नाव कवी म्हणून लागेल, टिपणांवर फार तर संकलक म्हणून. ज्ञानेश्वरी शुद्ध करणाऱ्या नाथांपुढे ही तक्रार नेण्याचे धैर्य मला होत नाही.

आणि जे राहील त्याचे काय? यालाही आपल्या परंपरेत उत्तर आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी ६ डिसेंबर १२७३ रोजी नेपल्स येथे मिस्साबली अर्पण केला आणि त्यानंतर लेखणी खाली ठेवली. त्यांचा 'सुम्मा' हा महाग्रंथ प्रायश्चित्त संस्काराच्या विवेचनात मध्येच थांबला आहे. तीन महिन्यांनी, ७ मार्च १२७४ रोजी ते देवाघरी गेले. उरलेला भाग शिष्यांनी त्यांच्याच आधीच्या लेखनातून जुळवला. ख्रिस्तसभेने त्या अपुऱ्या ग्रंथाला अपुरा म्हणून कधी कमी लेखले नाही. नाथांना गावबा मिळाला, टिळकांना लक्ष्मीबाई, लक्ष्मीबाईंना देवदत्त, स्टीफन्सना रिबेरु. सर्व काही मीच पुरे केले पाहिजे, या हट्टात परिश्रमापेक्षा अहंकारच अधिक असण्याचा संभव असतो.

पण गावबा आपोआप मिळत नाही. घरात कोणाला तरी ठाऊक असावे लागते की अशी वही आहे, ती कोठे आहे, तिचे पुढे काय व्हावे. म्हणून लेखन करणाऱ्या बंधुभगिनींना आणि त्यांच्या कुटुंबीयांना एक विनंती. अपुऱ्या वह्या एकदा बाहेर काढा. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर ती कशासाठी आरंभली ते चार ओळींत लिहा. एक निवडा आणि उरलेल्यांवर त्या कोणाला द्याव्यात त्याचे नाव घाला. घरातल्या मुलांनी आईवडिलांना दिवसातला एक तास मोकळा करून द्यावा, आणि त्या तासात चहा कोणी करायचा हेही ठरवावे. मी खंडकाव्याची वही मराठी शिकवणाऱ्या माझ्या पुतणीकडे सोपवीत आहे, कादंबरीची पाच प्रकरणे फडावर जाऊन आलेल्या एका तरुणाकडे. तिसरी वही माझ्यापाशी राहील. शहागडच्या बाजूला एक आजी आहेत. त्यांना अजून स्पष्ट ऐकू येते, आणि ओव्या आठवतात.