दिवा कोणाचे ऐकतो?

शास्त्रकारांना दिव्याचा दृष्टांत फार प्रिय. अंधारातला घट पाहायचा तर दिवा लागतो, पण दिवा पाहायला दुसरा दिवा लागत नाही, असे ते सांगतात. ज्ञान स्वयंप्रकाश आहे, हे समजावण्यासाठी त्यांनी हे उदाहरण घेतले. आजच्या काही घरांत मात्र हा दृष्टांत उलटा झाला आहे. खोलीतला दिवा लावण्यासाठी आधी हातातल्या फोनचा पडदा उजळावा लागतो. दिवा लावायलाच दुसरा दिवा लागतो!

ज्याला ‘स्मार्ट बल्ब’ म्हणतात, त्याविषयी हा विचार आहे. फिलिप्स कंपनीने ‘ह्यू’ नावाचा असा बल्ब २०१२ साली आणला, तेव्हा ती श्रीमंतांची हौस होती. आता तो मध्यमवर्गीय घरांतही येऊ लागला आहे. त्याची रचना समजण्यास सोपी आहे. एलईडी दिव्याच्या बुंध्यात बिनतारी संदेश घेणारे छोटे यंत्र बसवलेले असते. फोनवरून दिलेली आज्ञा त्याला पोहोचते. पुष्कळ बल्बांच्या बाबतीत ती आज्ञा आधी कंपनीच्या दूरवरच्या संगणकाकडे जाते आणि तेथून फिरून आपल्याच छताकडे येते. मग प्रकाश मंद होतो, रंग बदलतो, ठरल्या वेळी दिवा लागतो आणि विझतो.

यात वाईट काय, असे कोणी विचारील. वस्तू जड आहे, तिला पापपुण्य लागत नाही. संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या आजीला नुसते बोलून दिवा लावता येतो. मध्यरात्री कोणाला हाक मारून उठवण्याचा संकोच तिच्या मनातून जातो. ज्या साधनाने दुबळ्याचे परावलंबन कमी होते, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

परंतु त्याच घरातली दुसरी बाजू पाहा. भिंतीवरचे बटण सतत चालू असेल तरच हा बल्ब आज्ञा ऐकतो. बटण बंद केले की तो बहिरा होतो. म्हणून बटणावर चिकटपट्टी लावतात आणि ‘येथे हात लावू नका’ अशी ताकीद देतात. फोन मुलाचा, ॲप मुलाच्या नावावर, परवलीचा शब्दही त्यालाच ठाऊक. मग आजोबांनी काय करावे? कामाला येणाऱ्या मावशींनी, अवेळी आलेल्या पाहुण्याने काय करावे? चिमणीने, कंदिलाने, भिंतीवरच्या बटणाने ‘तू कोण?’ असे कधी विचारले नव्हते. दासोहाच्या पंगतीत बसलेल्याची ओळख आपण विचारत नाही. दिव्यानेही ती विचारू नये.

म्हणून खरा प्रश्न असा, की घरातल्या दिव्यावर सत्ता कोणाची? हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. अमेरिकेतील ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०१८ साली एक वृत्त दिले होते. घर सोडून गेलेले पती किंवा जोडीदार दूर बसून फोनवरून घरातले दिवे, कुलपे आणि तापमान बदलतात व स्त्रियांना छळतात, असे त्यात होते. घरातली स्त्री अंधारात आणि कळ दुसऱ्याच्या खिशात! दिव्यावरची सत्ता माणसावरची सत्ता कशी होते, हे यावरून कळावे.

फोन ज्याच्या हाती, तो तरी धनी आहे काय? इन्स्टिऑन या अमेरिकी कंपनीचे संगणक एप्रिल २०२२ मध्ये पूर्वसूचनेशिवाय बंद पडले. बल्ब शाबूत, वीज शाबूत, पण ग्राहकांना ॲपवरून आपलेच दिवे चालवता येईनात. पुढे काही ग्राहकांनीच ती कंपनी विकत घेतली, तेव्हा सेवा पुन्हा सुरू झाली.

संस्कृतात देहलीदीपन्याय म्हणून एक न्याय आहे. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड देतो आणि अंगणातही. हा नवा दिवाही दोन्हीकडे काम करतो, पण निराळ्या रीतीने. आत तो उजेड देतो आणि बाहेर वार्ता पोहोचवू शकतो. घरचे केव्हा उठतात, केव्हा निजतात, घर केव्हा रिकामे असते, याची नोंद त्याच्या वापरातून होत जाते. अंगणातला उजेड वाटसरूच्या उपयोगी पडे. ही वार्ता कोणाच्या उपयोगी पडते, हे घरच्यांना सहसा ठाऊक नसते.

विझल्यासारखा दिसतानाही हा बल्ब आज्ञेची वाट पाहत थोडी वीज घेत असतो. ती अर्धा वॅट धरली तर दिवसभरात बारा वॅट-तास होतात. तेवढ्या विजेत नऊ वॅटचा दिवा एक तास वीस मिनिटे जळतो. क्वचित लागणाऱ्या माळ्यावरच्या दिव्याला जळण्यापेक्षा वाट पाहण्यालाच अधिक वीज लागेल.

अशा वस्तूला ‘स्मार्ट’ म्हणतात. शरणांनी ज्याला ‘अरिवु’ म्हटले, ती जाणीव बल्बात नसते. आपण कोणासाठी जळतो, हे त्याला कळत नाही. ते कळण्याची जबाबदारी लावणाऱ्याची आहे.

तेव्हा सद्भक्तहो, असा बल्ब घेण्यापूर्वी थोडा विवेक करावा. जिना, न्हाणीघर, स्वयंपाकघर या सर्वांच्या जागी साधा दिवा आणि साधे बटण असू द्यावे. ज्याला उठवत नाही त्याच्या उशाशी नवा बल्ब खुशाल लावावा, पण कंपनीच्या संगणकावाचून घरातल्या घरात चालणारा पाहून घ्यावा. परवलीचा शब्द एकट्याच्या मुठीत राहू नये. आणि एक कसोटी लावावी. घरातले सर्वांत कमी शिकलेले माणूस, किंवा आज प्रथमच उंबरा ओलांडून आलेला पाहुणा, रात्री कोणाला न विचारता, नुसता हात पुढे करून दिवा लावू शकतो काय? लावू शकत असेल, तर तो दिवा घराचा आहे. नसेल, तर उजेड कितीही रंगांचा असो, त्या माणसासाठी आपण घरात अंधारच आणून ठेवला आहे.