कसडोलचं कोठार

रायपूरच्या जयस्तंभ चौकात लाल दिवा लागला की माझी नजर आपोआप त्या खांबाकडे जाते. १० डिसेंबर १८५७ ला सोनाखानचे बिंझवार जमीनदार नारायणसिंह यांना इथेच फाशी दिलं, असं हे शहर मानतं. सत्तावन म्हटलं की आपल्याला झाशी आठवते, तात्या टोपे आठवतात, चरबीची काडतुसं आठवतात. नारायणसिंहांची गोष्ट काडतुसाच्या आधीची, धान्याची आहे.

१८५६ मध्ये पाऊस दगा देऊन गेला. सोनाखानच्या मुलखात माणसं उपाशी होती आणि कसडोलच्या माखन नावाच्या व्यापाऱ्याची कोठारं भरलेली होती. नारायणसिंहांनी आधी धान्य उसनं मागितलं म्हणतात. व्यापारी बधला नाही, तेव्हा कोठार फोडून वाटून टाकलं आणि वर रायपूरच्या डेप्युटी कमिशनरला आपण होऊन कळवलं. मला या कळवण्याचंच फार अप्रूप वाटतं. दरोडेखोर कधी साहेबाला वर्दी देतो का? कंपनीने मात्र त्यांना लुटारू ठरवून त्याच ऑक्टोबरात तुरुंगात टाकलं. पुढच्या ऑगस्टात ते तिथून निसटले, सोनाखानला माणसं जमवून लढले, पकडले गेले.

मालमत्ता पवित्र, हे कंपनीच्या साहेबांनी जॉन लॉकच्या देशातून आणलं होतं. जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे जन्मजात हक्क. सरकार ते राखायला नेमलेलं. विश्वासघात केला तर लोकांनी ते खाली खेचावं. हे लॉकच्या दुसऱ्या प्रबंधात आहे आणि तोच सगळे वाचतात. पहिल्या प्रबंधाची धूळ कोणी झटकत नाही. त्यात लॉक स्वच्छ सांगतो की ज्याला जगायला दुसरा उपाय नाही, त्याचा दुसऱ्याच्या शिलकीवर, जीव तगेल इतक्यापुरता, हक्क आहे. म्हणजे माखनच्या कोठारावर खुद्द लॉकच्या हिशेबानेही भुकेल्यांचा दावा लागत होता. कंपनीने लॉकचा सोयीचा अर्धा भाग तेवढा बोटीत घातला. गंमत अशी की, त्याच १८५६ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल लंडनला कंपनीच्या कचेरीत बढती मिळून पत्रव्यवहाराचा मुख्य तपासनीस झाला. तीन वर्षांनी स्वातंत्र्यावरचा त्याचा ग्रंथ निघाला आणि त्यात ‘मागासलेल्या’ समाजांना हे तत्त्व लागू नाही, अशी फट ठेवलेली होती.

आम्ही रायपूरचे मराठी लोक बिंबाजी भोसल्यांचं नाव अभिमानाने घेतो आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं म्हणून अजून हळहळतो. पण भोसल्यांच्या सुभेदारांनीही छत्तीसगडकडे वसुलीचा मुलूख म्हणूनच पाहिलं. सोनाखानच्या माणसाला विचारून राज्य ना भोसल्यांनी केलं, ना कंपनीने. ही अडचणीची गोष्ट आमच्या मंडळांच्या भाषणांत येत नाही.

कोठार फोडण्याची एक गोष्ट आपल्याही घरात आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांना खुली केली. पुढे विठ्ठल विठू महार होऊन बिदरला गेला आणि पैसे भरून आला. लहानपणी मला विठ्ठलाचं कौतुक वाटायचं. आता वाटतं, या कथेत बादशहाचा दावा शेवटपर्यंत कायम राहतो. देवालासुद्धा पावती घ्यावी लागते! भुकेल्याचा त्या धान्यावर काही हक्क होता, असं कोणी म्हणत नाही; दामाजी दयाळू होते, एवढंच. टॉमस पेन १७९२ मध्ये नेमकं याच्या उलट बोलला: गरिबाला द्यायचं ते भीक नव्हे, त्याचं देणं आहे. पेनचं पुस्तक पुण्यात जोतीराव फुल्यांनी वाचलं आणि पचवलं. नारायणसिंहांनी ते पाहिलेलंही नसणार. तरी दामाजी आणि पेन यांपैकी ते मला पेनच्या जवळचे वाटतात, कारण त्यांनी क्षमा मागितली नाही, कळवलं.

छत्तीसगडने डिसेंबर २०१२ मध्ये, म्हणजे केंद्राच्या आधी, आपला अन्नसुरक्षा कायदा केला. रेशनचं धान्य हा कायद्याने हक्क झाला आणि कार्ड घरातल्या मोठ्या बाईच्या नावावर निघू लागलं. मी याला मोठी गोष्ट मानतो. कोठाराची किल्ली इतक्या सरळ शब्दांत लोकांच्या हाती क्वचितच दिली गेली आहे.

परवा आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंबरोबर रेशनच्या दुकानात गेलो. भांडी घासून त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. यंत्रावर अंगठा ठेवला, लाल दिवा. पदराला पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. मागे रांग कुरकुरायला लागली. तांदळाची पोती हाताच्या अंतरावर रचलेली होती. तिसऱ्या खेपेला दुकानदार, तसा भला माणूस, म्हणाला, “अम्मा, कल आना.” त्यांनी पिशवीची घडी केली आणि आम्ही परत आलो.