हेतू आणि हयगय

अपराधाचे माप हेतूवरून घ्यावे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहो. पाय चुकून लागला तर नमस्कार केला की पुरते. मुद्दाम लावला तर मात्र गोष्ट निराळी. घरगुती व्यवहारास हे माप ठीक आहे. परंतु यंत्रयुगात ते पुरे पडते काय?

हा प्रश्न सुचण्यास एक वायू कारण झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधील कासारवाडी येथे महापालिकेच्या जलतरण तलावावर क्लोरीन वायू सुटला. पोहावयास आलेल्या लोकांचे घसे जळू लागले, श्वास कोंडला, आणि कित्येकांस रुग्णालयात न्यावे लागले. कोणाचे वाईट व्हावे अशी इच्छा तेथे कोणाच्याही मनात नव्हती. उलट, पाणी निर्जंतुक राहावे, एवढ्याचसाठी तो वायू तेथे होता.

शेले या रसायनज्ञाने १७७४ साली प्रथम तयार केलेला हा हिरवट-पिवळा वायू हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्यामुळे सुटला की जमिनीलगत पसरतो आणि सखल जागी साचतो. ओलाव्याशी गाठ पडताच त्याची आम्ले बनतात. डोळे, घसा आणि फुप्फुसे ही तर ओलाव्याचीच घरे. तोच पाण्यात अत्यल्प प्रमाणात मिसळला म्हणजे पटकीचे आणि विषमज्वराचे जंतू मरतात. नळाच्या एका लिटर पाण्यात तो निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावा, असे आपले भारतीय मानक सांगते. म्हणजे आपल्या घरातील पेल्यात रोज या विषाचा अंश असतो, आणि तो असतो म्हणूनच आपली मुले सुखरूप असतात.

आता दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहू. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने दीडशे टनांहून अधिक क्लोरीन वाऱ्यावर सोडला. त्यामागे हाबरसारख्या थोर शास्त्रज्ञाची बुद्धी होती आणि हेतू उघड संहाराचा होता. १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीजवळ बंदराच्या आवारात वर्षानुवर्षे बेवारस पडलेल्या नळकांड्यांतून तोच वायू गळला आणि शंभरावर माणसे आजारी पडली. येथे हेतू कोणताच नव्हता. नळकांडी तेथे आहेत याची आठवण कोणी ठेवली नव्हती, इतकेच.

पहिला प्रकार दुष्टपणाचा आणि दुसरा दुर्दैवाचा, असे म्हणून आपण मोकळे होतो. कायदा या दोहोंत भेद करतो आणि तो योग्यच आहे. परंतु फुप्फुसास हा भेद कळत नाही. शिवाय 'दुर्दैव' या शब्दाआड आपण एक गोष्ट लपवितो: हयगय हीदेखील कृतीच आहे. ती एका क्षणी घडत नाही व एकाच्या हातून घडत नाही, म्हणून तिला धनी सापडत नाही. एकाने नोंद केली नाही, दुसऱ्याने झडप तपासली नाही, तिसऱ्याने खर्च पुढे ढकलला. आणि प्रत्येकाचा हेतू शुद्धच होता!

कोरडा क्लोरीन पोलादी नळकांड्यात निमूटपणे राहतो. मात्र थोडासा ओलावा आत शिरला की तो पोलादच खाऊ लागतो. म्हणून छोटी गळती हळूहळू मोठी होत जाते. अमोनियाची वाफ जवळ नेली असता पांढरा धूर उठून ती ओळखता येते. उपाय इतका सोपा आहे. नित्य जाऊन पाहणारा माणूस मात्र हवा.

ज्या काळी माणसाच्या हाती काठी होती, त्या काळी शुद्ध हेतू पुरेसा होता. आज पवनेचे पाणी लाखो घरांत पोहोचविताना असे विष हाताळावे लागते. हे विष टाकून देता येणार नाही. म्हणून त्याची राखण हेच आजचे सदाचरण होय. ती राखण करणाऱ्या अनाम कामगारास मुखवटा, शिक्षण आणि पुरेशी विश्रांती मिळते की नाही, हे विचारणे स्वच्छ पाणी पिणाऱ्या आपणा सर्वांचे कर्तव्य आहे. ते आपण विचारीत नसू, तर 'आमचा हेतू वाईट नव्हता' हे म्हणणे खरे असूनही निरुपयोगी ठरेल.