शेवटची बादली



पूर्वी आपल्या घरोघरी तांब्याचा बंब असे. एक बादली कढत पाणी काढले की वरून एक बादली थंड ओतायची आणि खाली दोन ढलप्या सारायच्या, हा नियम. मागून येणाऱ्याची सोय केल्याशिवाय कोणी न्हाणीघरातून बाहेर पडत नसे. विसरलाच, तर आजीची हाक साऱ्या वाडीला ऐकू जाई!

आता गच्चीवर सोलर आले. धूर गेला, गीझरचे बिल वाचले, चांगलेच झाले. परंतु नळ सोडला की जेवढे गरम पाणी निघते तेवढे थंड पाणी टाकीच्या तळाशी आपोआप शिरते. आपण काय संपवले ते दिसतच नाही. पहाटे त्या १०० लिटरमध्ये असते ते कालचे ऊन; आजचे अजून यायचे असते. दोघातिघांनी मनसोक्त शॉवर घेतला की खलास. रविवारी सर्वांची न्याहारी उरकून, सातच्या मिस्साच्या आधी घाईघाईने आंघोळीला जाते ती आई किंवा सून. तिच्या वाट्याला गार पाणी.

ऊन तर देवाचे, फुकटचे. मग यात अन्याय कसला, असे कोणी म्हणेल. मान्नाही फुकटच होता. तरी तो प्रत्येकाने गरजेपुरताच गोळा करावा, अशी देवाची आज्ञा होती (निर्गम १६). पैसे मोजले नाहीत म्हणून आपला वाटा मोठा होत नाही.

पापनिवेदनाला येताना आपल्याला शेजाऱ्याशी झालेले भांडण आठवते. ही बादली कोणाला आठवते का? आज जेवताना घरात विचारून पाहा, सकाळी सर्वांत शेवटी आंघोळ कोणी केली आणि पाणी कसे होते.